‘इंजिन नुकतंच ओव्हरहॉल केलंय’: अर्धवट विमान-किट घेताना माझी झालेली फसवणूक

अर्धवट बांधलेलं विमानाचं किट (घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच), सोबत ‘नुकतंच ओव्हरहॉल केलेलं’, म्हणजे पूर्ण खोलून तपासून पुन्हा जोडलेलं इंजिन, आणि खाली ‘मालक वारले, त्यांच्या पत्नीला गॅरेज रिकामं करायचंय’ अशी ओळ असलेली जाहिरात कुठे दिसली, तर फोन उचलण्याआधी हे वाचा. मी मिशिगनमध्ये राहतो. अशाच जाहिरातीतून आलेल्या इंजिनापायी माझे १९ हजार डॉलर गेले. पैशांचं दुःख आहेच, पण राग त्याहून मोठा आहे. ज्याने ते इंजिन माझ्या गळ्यात मारलं त्याला हे पक्कं ठाऊक होतं की त्या विमानात माझ्या शेजारी माझी मुलगी बसणार आहे. तिला मी सोबत नेलं होतं. त्याने तिला रिव्हेट गन (पत्रे जोडायचे धातूचे खिळे, म्हणजे रिव्हेट, ठोकायचं हत्यार) हातात धरायला दिली आणि फोटोही काढला.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून स्वतः बांधला असेल, तर एफएए (इथलं सरकारी विमान-वाहतूक प्रशासन) त्याला ‘एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ या प्रकारात उडायची परवानगी देतं. सगळे त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या किट-कंपनीची आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी अशी बांधून उडवली आहेत. ॲल्युमिनियमचे पत्रे भोकं पाडून येतात. कडा घासायच्या, भोकांना डिंपल मारायचे (रिव्हेटचं डोकं बसायला कडा खोलगट करायच्या), क्लेको नावाच्या पकडी लावून तात्पुरतं जोडायचं आणि मग हजारो रिव्हेट ठोकायचे. बहुतेकांचा क्रम शेपूट, पंख, धड असा असतो. इंजिन सगळ्यात महाग, म्हणून ते शेवटी. आजारपण, बदली, घटस्फोट, नाहीतर नुसता कंटाळा, अशा कारणांनी मध्येच सुटलेली किटं बाजारात कायम असतात. त्यातली पुष्कळशी चांगलीच असतात. आमच्या ओळखीतल्या एका पुणेकर जोडप्याने घेतलेलं किट आज मजेत उडतंय.

मला मिळालेलं किटही चांगलं होतं. शेजारच्या राज्यातल्या एका गावात आरव्ही-७ चे पूर्ण झालेले पंख आणि शेपूट, अर्ध्यावर आलेलं धड, सगळं चादरी घालून नीट झाकून ठेवलेलं होतं. मी रिव्हेट मोजायचा गेज घेऊन गेलो होतो. रिव्हेटचं आतल्या बाजूने चेपलेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं लागतं. मी जिथे जिथे गेज लावला तिथे ते बरोबर होतं. बाहेरच्या डोक्यांवर विमानाच्या कठीण रिव्हेटला असते ती मधली बारीक खळी होती, म्हणजे कोणी स्वस्तातले मऊ रिव्हेट वापरले नव्हते. बोल्टच्या माथ्यावर विमानाच्या बोल्टची फुली होती. ज्याने हे बांधलं तो मनापासून काम करणारा माणूस होता, आणि त्याचं काम पाहूनच माझा बाकीच्या सगळ्यावर विश्वास बसला. फसवणाऱ्याने नेमकं हेच ओळखलं होतं. एका दिवंगत माणसाच्या प्रामाणिक कामाशेजारी त्याने आपलं खोटं इंजिन आणून ठेवलं.

हा फसवणारा म्हणजे मालकाचा ‘जवळचा मित्र’. सगळा व्यवहार तोच बघत होता. आजींना (मालकांच्या पत्नीला) त्रास नको, त्या अजून सावरलेल्या नाहीत, काय विचारायचं ते मला विचारा, असं तो फार आदबीने सांगायचा. इंजिन होतं लायकमिंग कंपनीचं ओ-३२०, चार सिलिंडरचं, लहान विमानांमध्ये सर्रास सापडणारं. स्टँडवर चढवलेलं, ताजा करडा रंग, प्रत्येक तोंडाला बूच, आणि स्पार्क प्लगच्या जागी ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पारदर्शक नळ्या. हे खडे कोरडे असले की निळे असतात, ओल धरली की गुलाबी पडतात. सगळ्या नळ्यांमधले खडे निळे होते. ‘बघा, किती जपून ठेवलंय,’ तो म्हणाला. ते निळे होते कारण नळ्या त्याच आठवड्यात आणलेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. एका नळीच्या वेष्टनाचा तुकडा दुकानाच्या तारखेसकट स्टँडच्या खाली चिकटलेला निघाला.

कागद होते, तेही नीटनेटके. नवंकोरं लॉगबुक, पहिल्याच पानावर ओव्हरहॉलची नोंद, रिपेअर स्टेशनचा शिक्का आणि क्रमांक, खाली सही, इंजिन चाललेले तास शून्य. जुनं लॉगबुक तळघरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेलं म्हणे. पैशांचे मात्र त्याने दोन भाग करायला लावले. किटचा चेक आजींच्या नावाने, आणि इंजिनाचे पैसे थेट त्याच्या खात्यात, कारण ‘इंजिन आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं’. कोलोरॅडोहून एक गिऱ्हाईक ट्रेलर घेऊन निघालंय, हेही त्याच दिवशी ऐकवलं.

खरं बाहेर आलं ते ईएएच्या माणसामुळे. ईएए ही घरी विमान बांधणाऱ्यांची संस्था, १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाली. दर जुलैत ऑश्कॉशला भरणारी विमानांची मोठी जत्रा तिचीच. तिच्या शाखांमध्ये टेक्निकल काउन्सेलर असतात. ही अनुभवी मंडळी तुमच्या गॅरेजमध्ये येऊन काम तपासतात आणि एक पैसा घेत नाहीत. आमच्याकडे आलेले आजोबा आयुष्यभर एअरलाइनमध्ये मेकॅनिक होते. पंखांवरून हात फिरवून त्यांनी मान डोलावली. मग इंजिनासमोर स्टूल घेऊन बसले आणि बराच वेळ टॉर्च मारत राहिले. शेवटी त्यांनी एक पातळ पातं मागितलं आणि क्रँककेसचे (इंजिनाच्या मुख्य कवचाचे) दोन अर्धे भाग आवळून धरणाऱ्या एका मोठ्या नटाच्या कडेचा नवा रंग खरवडला. खाली जुना रंग होता. तो नटावरून केसवर अखंड उतरला होता, मध्ये कुठे चीर नाही. त्यांनी दुसरा नट खरवडला. तोही तसाच.

ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं, केसचे दोन भाग वेगळे करायचे, प्रत्येक भाग मोजायचा, क्रँकशाफ्टला (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला) भेगा आहेत का ते चुंबकीय तपासणीत बघायचं. नट एकदा फिरला की त्यावरचा रंग तुटतोच. ‘हे इंजिन कोणी उघडलेलं नाही. नुसतं रंगवलंय,’ आजोबा म्हणाले.

पुढचं दुसऱ्या दिवशी झालं. माझा एक मित्र मूळचा सातारचा, इथे एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात आहे. तो डायल इंडिकेटर (बारीकशी डगमगही काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र) घेऊन आला. प्रॉपेलर जिथे बसतो त्या क्रँकशाफ्टच्या टोकाच्या चकतीला (फ्लँजला) त्याचं टोक टेकवलं आणि हाताने हळूहळू फिरवलं. काटा जागेवर राहायला हवा होता, तो डोलत होता. ‘अरे, हा शाफ्ट वाकलाय,’ तो एवढंच बोलला. मग आजोबांच्या देखरेखीखाली एक सिलिंडर उतरवला. लायकमिंगचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन पडून राहिलं की तेल खाली निथळतं आणि कॅमला गंज धरतो. आमच्या कॅमचे उंचवटे बोटाला खरखरीत लागत होते, सुईने टोचावं तशा खळ्या पडल्या होत्या.

शाफ्ट वाकला कसा, हे सांगणारा कागद विकणाऱ्याच्या नजरेतून सुटला होता. तेलाच्या एका नळीला तारेने बांधलेला मळका तपासणी-टॅग होता आणि त्यावर विमानाचा नोंदणी क्रमांक. एनटीएसबी या अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाची अपघातांची नोंद सगळ्यांना खुली असते. तिथे तो क्रमांक टाकला आणि एक सेसना १७२ समोर आलं: उतरताना पुढचं चाक मोडलं, फायरवॉल (इंजिनामागची भिंत) वाकली, चालू इंजिनाचा प्रॉप धावपट्टीवर आपटला.

हे किती गंभीर आहे ते सांगायलाच हवं. प्रॉप असा आपटला की तो धक्का सगळा क्रँकशाफ्टमध्ये जातो. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक गिअर असतो, एका बोल्टने आणि एका छोट्या डॉवेलने (खुंटीने) धरलेला. कॅमशाफ्ट, ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो आणि तेलाचा पंप त्याच गिअरवर चालतात. तो सुटला तर इंजिन गचके देत नाही, खोकत नाही, सरळ बंद पडतं. म्हणून प्रॉप आपटला की इंजिन खोलून तपासा, असं लायकमिंगचं स्पष्ट सांगणं आहे. माझ्याकडच्या इंजिनावर ते झालंच नव्हतं. कोणीतरी भंगारातून ते उचललं होतं, रंग फासला होता आणि त्याचं ‘शून्य तास’ करून विकलं होतं.

लॉगबुकातला रिपेअर स्टेशनचा क्रमांक एफएएच्या यादीत शोधला. अशा क्रमांकाचं स्टेशनच नाही. आणि एक गोष्ट जी जुनं इंजिन घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असली पाहिजे: मागचा इतिहास पुसून कोरं लॉगबुक सुरू करायचा अधिकार फक्त इंजिन बनवणाऱ्या कंपनीला किंवा तिने नेमलेल्या संस्थेला आहे, तोही इंजिन पूर्ण नव्याने बांधून दिलं तरच. साध्या ओव्हरहॉलनंतर आधीचे तास नोंदीत राहतातच. म्हणजे बाहेरच्या दुकानाच्या शिक्क्याने शून्यापासून सुरू होणारं लॉगबुक हीच फसवणुकीची खूण.

मग मी आजींना फोन केला. मनात धाकधूक होती, कारण त्याही सामील असतील असं एकदा वाटून गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझ्या नवऱ्याने इंजिन कधी घेतलंच नव्हतं. आमच्या गॅरेजमध्ये ते ठेवलं होतं त्या गृहस्थांनी, ‘गिऱ्हाइकाला एकत्र बघायला बरं’ म्हणून. त्या रडायला लागल्या. नवऱ्याच्या नावाचा असा वापर झाला हे त्यांना फार लागलं. त्यांनी लेखी निवेदन दिलं आणि आज माझ्या तक्रारीतला तोच सगळ्यात भक्कम कागद आहे.

विकणारा आधी ‘दुकानाला विचारा’ म्हणाला, मग त्याचा फोन लागेनासा झाला. स्थानिक पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून हात झटकले. एफएएच्या कार्यालयाने मात्र खोट्या नोंदीची तक्रार लगेच लिहून घेतली. विमानाच्या भागांबाबतच्या फसवणुकीवर अमेरिकेत २००० सालापासून स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, त्यामुळे ‘दिवाणी आहे’ हे उत्तर ऐकून कोणी गप्प बसू नये. पैसे अजून परत आलेले नाहीत. क्रँकशाफ्ट चुंबकीय तपासणीत नापास झाला.

इंजिनापाशी माणूस अडतो हे या छंदात फार जुनं आहे. १९७० च्या दशकात कॅन्ससच्या न्यूटन गावात जिम बीडी यांच्या कंपनीने बीडी-५ नावाचं इवलंसं विमान काढलं. हजारो लोकांनी पैसे भरले. किटचे खोके घरी आले, पण ज्या इंजिनाचे पैसे घेतले होते ते बहुतेकांना मिळालंच नाही. कंपनी बुडाली आणि पुढची दहा वर्षं विमानांसाठी आगाऊ रक्कम घेणार नाही, असं बीडी यांना सरकारी व्यापार आयोगाला लिहून द्यावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्सनेही दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला होता. ती फसवणूक नव्हती, कंपनी त्यातून बाहेरही आली, पण आगाऊ पैसे भरलेल्यांना वाढीव किंमत मान्य करावी लागली. आगाऊ पैसे देताना हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रातूनही मला विचारणा होते. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी आणि २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळवली, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या डोक्यात हे आहे. त्यांच्यासाठी: अमेरिकेतून स्वस्त किट आणि इंजिन मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला, डीजीसीएची (भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी तुमच्या हातात येण्याआधी एक रुपयाही पाठवू नका. तिकडून तुम्ही नट खरवडून बघू शकणार नाही.

इथे असाल तर इंजिनाचा आणि किटचा मालक कोण, हे दोन्ही मालकांच्या तोंडून ऐका, मध्यस्थाच्या नाही. बांधणाऱ्याची कामाची वही आणि फोटो मागा, कारण ५१ टक्के पटवून देताना तीच लागतात. इंजिन आधी कुठल्या विमानावर होतं तो क्रमांक विचारा. ‘माहीत नाही’ म्हटलं तर उठा. क्रमांक मिळाला तर दहा डॉलर भरून एफएएकडून त्या विमानाची सगळी कागदपत्रं मागवा. एक सिलिंडर उतरवून कॅम बघू द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. आणि पैसे देण्याआधी काउन्सेलरला सोबत न्या, नंतर नाही.

पंख माझ्या गॅरेजमध्ये आहेत, धडाचं काम चालू आहे, मुलगी रिव्हेटिंग माझ्यापेक्षा सुबक करते. आजी मध्यंतरी बघून गेल्या. मिशिगन, ओहायो, इंडियाना या भागात तुमच्यापैकी कोणी जुनं इंजिन बघायला जाणार असेल तर मला सांगा. शनिवार-रविवार असेल तर डायल इंडिकेटर आणि सातारकर, दोघांना घेऊन मी येतो.