इंजिन गरम होतं आणि मी गप्प बसलो

आधीच सांगून टाकतो. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये २८ वर्षं इंजिनं खोलली आणि बांधली, त्यातली ११ रत्नागिरीला. आणि सांगलीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये, पस्तिशीच्या पोराने जुनं इंजिन विकून मला ४ लाख ५ हजार ८०० रुपयांना बुडवलं. हसायचं तर हसून घ्या. घरचे हसून दमलेत.

रत्नागिरीत असताना मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटमालकाशी दोस्ती झाली होती, ती निवृत्तीनंतरही टिकली. त्याची बोट २००३ सालची, लाकडी. सहा सिलिंडरचं ट्रकचंच इंजिन मरीन करून बसवलेलं. २०२४ च्या मे महिन्यात ऑइल कूलरच्या नळ्या गंजल्या आणि खारं पाणी ऑइलमध्ये गेलं. ऑइल मोजायची काडी ओढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. तोवर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, गेलेला होता. नव्या मरीन इंजिनचा भाव सांगितला साडेनऊ लाख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हातात दोन महिने. आणि बंदी उठली की पहिले पंधरा-वीस दिवस कोळंबीचे, त्यावर अर्ध्या वर्षाचं गणित. मी म्हटलं, माझ्या ग्रॅच्युइटीतले दोन लाख घालतो, मला चार आण्याची भागी दे, जुनं चांगलं इंजिन मी शोधतो. तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही बघितलंत की झालं. मला त्यातलं काय कळतंय?"

हे वाक्य आता रात्री झोपू देत नाही.

जुन्या इंजिनांचा बाजार असा चालतो. मोबाईलवर व्हिडिओ येतो, चकाचक निळा रंग, एका सेल्फला इंजिन सुरू, मागे गाणं. "रिकंडिशन, फुल गॅरंटी." भाव ३ लाख ८५ हजार. मी तासगाव तालुक्यातला, सांगली म्हणजे घरचं गाव, म्हणून उलट बरं वाटलं. बाहेरचा फसवेल, आपला कशाला फसवेल? फोनवर तो एवढंच म्हणाला, "काका, येण्याआधी तासभर फोन करा. मी शेडवर असतो-नसतो."

मी इमानदारीत तासभर आधी फोन केला.

२४ जुलै, बुधवार. पाऊस नुसता कोसळत होता. शेडमध्ये शिरलो आणि सवयीने पहिला हात ब्लॉकवर ठेवला. गरम. कोमट नव्हे, हात उचलावा लागेल इतका गरम. तो म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून सकाळी जरा चालवून ठेवलं." आता ऐका. डेपोत नवीन पोरगं आलं की मी पहिल्याच दिवशी सांगायचो, इंजिनाची खरी तब्येत गार असताना कळते. गार इंजिन किती सेल्फ घेतं, पहिला धूर पांढरा की निळा, आवाज कुठून येतो, सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात. गरम इंजिन सगळं लपवतं. हे मी शेकडो वेळा बोललोय. आणि त्या दिवशी माझा तळहात भाजत असताना मी काय म्हणालो? "बरं केलंस."

त्याला मी म्हणायला हवं होतं की इंजिन गार होऊ दे, तीन तासांनी येतो. पाऊस होता तर समोरच्या टपरीवर बसायचं होतं. तीन तास आणि दोन चहा, एवढंच लागत होतं.

मग ऑइल. दोन बोटांत घेऊन चोळलं तर काकवीसारखं जाड, तार सुटत होती. पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंगं खलास झाली की लोक घट्ट गिअर ऑइल मिसळतात, दोन-चार तास आवाज आणि धूर दबतो, ही काय नवी चलाखी नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "काका, तुम्ही एसटीतले. तुम्हाला मी काय सांगायचं? तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं की मलाच टेन्शन येतं." झालं! छाती दोन इंच फुगली आणि बोटं मी फडक्याला पुसली. ब्रीदरच्या नळीला लांब पाइप जोडून तो शेडच्या बाहेर सोडला होता, तेही दिसलं होतं. तो पाइप कशाला असतो? रिंगा गेल्यावर क्रँककेसमधून भकाभका निघणारा धूर गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. माझ्या कामगाराने असं इंजिन पास केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपभर शिव्या घातल्या असत्या.

माझी बाजूही ऐका. बंदी उठायला आठ दिवस राहिले होते. रत्नागिरीहून रोज दोन फोन. इकडे कृष्णा रोज चढत होती. सांगलीकराला २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवले की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या ४० फुटांच्या इशारा पातळीकडे डोळे लागतात. तो पोरगा सारखा तेच घोकत होता, "उद्या रस्ते बंद पडले की तुम्ही बसा पूर उतरायची वाट बघत. माझ्याकडे आणखी एक पार्टी आहे." ती दुसरी पार्टी सगळ्यांनाच असते, मला का कळलं नाही? कळलं होतं. तरी पैसे काढले.

३ लाख ४० हजाराला तुटलं. ५० हजार जागेवर मोबाईलवरून. २ लाख दुसऱ्या दिवशी बँकेतून आरटीजीएस, आणि ते खातं त्याच्या मेहुण्याच्या नावावर, "माझं करंट खातं जरा अडकलंय." ९० हजार रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, देतो की, टॅक्स वर पडेल. मी म्हटलं राहू दे. वहीच्या फाटक्या पानावर "इंजिन मिळाले, रक्कम पोच" एवढं लिहून दिलं. गॅरंटी हा शब्द त्यात कुठेच नाही. मीच घडी घालून खिशात ठेवलं. बिलाचे पैसे वाचवू नका. पैसे दुसऱ्याच्या खात्यात मागितले तर तिथूनच परत फिरा, चहासुद्धा पिऊ नका.

टेम्पो १४,५००. क्रेन दोन्हीकडची मिळून ४,५००. मरीन सामान चढवून बोटीत बसवायचे ३८,०००. नवीन ऑइल आणि फिल्टर ५,२००. बसवताना तिकडच्या फिटरने पाण्याचा कॉक उघडला तर पिवळं पाणी आलं. तो म्हणाला, "मिस्त्री, हळद?" रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक हळद टाकतात, तेच. मी म्हटलं, गाडीवरचा जुना उपाय राहिला असेल आत, पाणी बदल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला केवढा अभिमान! ती अशी भेटेल असं वाटलं नव्हतं. तिथेही थांबता आलं असतं. इंजिन अजून फळीवर होतं.

६ ऑगस्टला बोट निघाली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि पाच खलाशी. मी धक्क्यावर उभा. बारा वाव, म्हणजे सत्तरेक फूट खोल पाण्यात पोहोचले आणि इंजिन तापून जाम झालं. खवळलेल्या समुद्रात इंजिन बंद म्हणजे काय ते ज्याचा माणूस त्यात असतो त्यालाच कळतं. दुसऱ्या बोटीने टोचन करून, दोरीने ओढून आणलं. त्या भल्या माणसाने नुसते डिझेलचे ३,६०० घेतले. सहाही माणसं धडधाकट परत आली, नाहीतर हे लिहायला मी तोंड दाखवलं नसतं.

खोललं तेव्हा एकेक निघत गेलं. ब्लॉकला पाण्याच्या बाजूने वीतभर तडा, त्यात एमसील भरून वरून निळा रंग. सिलिंडरच्या आतले दोन लायनर नवे, चार जुने. एका बेअरिंगच्या मागे पत्र्याची पट्टी सारलेली. रंग थिनरने पुसला तर नंबरच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे, आणि नंबरची पट्टी नव्या रिव्हेटनी ठोकलेली. जुन्या इंजिनावर नवे रिव्हेट! एक थिनरची बाटली आणि फडकं खिशात असतं तर शेडमध्येच दिसलं असतं.

आता सरकारी दरबार. सांगलीत ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "जुनं घ्यायला कुणी सांगितलं होतं?" मग म्हणाले, बिघडलं रत्नागिरीत, तिकडे तक्रार द्या. रत्नागिरीवाले म्हणाले, व्यवहार सांगलीत, तिकडे जा. आंबा घाट मी तीन वेळा चढलो-उतरलो. १ जुलैपासून नवे कायदे आलेले, फसवणुकीच्या कलम ४२० चं ३१८ झालेलं. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते असं त्यांत लिहिलंय, हे मी छापील कागद दाखवून सांगितलं. हवालदार म्हणाला, "काका, कायदा आम्हाला शिकवू नका." नंबर घासलेला दाखवला तर आवाज बदलला. "हे चोरीचं निघालं तर घेणारा म्हणून तुम्ही पण येणार बरं का." म्हणजे बुडालो मी, आणि घाम पण मलाच! सायबरच्या १९३० वर फोन केला तर म्हणे तुम्ही माल बघून, स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. बँकेत तेच, सही तुमची. बोटीच्या नोंदणीत इंजिनाचा नंबर बदलायला गेलो तर खिडकीवर पक्कं बिल मागितलं.

वकिलाने सांगितलं, बोट म्हणजे धंदा, ग्राहक मंचात टिकणार नाही. नंतर मी स्वतः २०१९ चा कायदा वाचला. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. पण सहा माणसं कामाला ठेवलीत म्हटल्यावर समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. आणि हातात पुरावा काय, वहीचं पान. पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद, हे सरकारी नोकरी केलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

एक करा. व्यवहाराच्या वेळी सगळं बोलणं मोबाईलवर लिहून मागा. "फुल गॅरंटी" तो व्हिडिओत म्हणाला होता, लिहून काहीच नाही.

दोस्ताने एका शब्दाने बोल लावला नाही, हे जास्त लागतं. त्याने सोसायटीकडून कर्ज काढून दुसरं इंजिन घेतलं, ते बघायला मला बोलावलं नाही. माझं निळं इंजिन धक्क्यामागे ताडपत्रीखाली पडलंय. भंगारवाला ४८० किलोचे ३१ रुपयांनी १४,८८० देतो म्हणतो. टेम्पोचं भाडं सुटेल.

परवा तोच व्हिडिओ परत फिरताना दिसला. तेच गाणं, तोच निळा रंग. बायकोच्या मोबाईलवरून फोन लावला, आवाज जरा बदलून म्हटलं, इंजिन बघायचं आहे, आत्ता इथे जवळच आहे, येऊ का?

"आत्ता नको हो," तो म्हणाला. "या की निवांत. फक्त तासभर आधी फोन करा."