कास्क की केग?

ब्रिटिश पबात कास्क एल (एल हा बिअरचाच प्रकार) ठेवावी की केग, म्हणजे बंद धातूच्या पिंपातली बिअर, हे खप पाहून ठरवावं. कास्कमधली बिअर पिंपातही आंबत असते. पिंप आडवं ठेवून मऊ लाकडी खुंटीतून जादा वायू जाऊ द्यायचा, मग कठीण खुंटी ठोकायची. गाळ बसला की ११ ते १३ अंशांना काउंटरवरच्या हातपंपाने पेल्यात ओढून वाढायची. ओतू लागलं की हवा आत शिरते, साधारण ३ दिवसांत बिअर आंबट होते. तेवढ्यात ७२ पाइंटांचं (ब्रिटिश पाइंट म्हणजे सुमारे ५६८ मिली) पिंप संपत नसेल, तर ३६ पाइंटांचं घ्या. केगमध्ये वायूचा दाब असल्याने हवा लागत नाही, माल आठवडे टिकतो. पण केग बिअर जास्त थंड वाढतात, त्या थंडीने चव दबते. गिऱ्हाईक असेल तिथे कास्कच हवी. रिकाम्या पबात सहा हातपंप, म्हणजे सहा कास्क उघडी ठेवणं, म्हणजे लोकांना शिळी बिअर पाजणं.