उदयपूर की दीव? गाडी घेऊन, एकट्याने, पायी फिरायला

पाण्याच्या काठाने चालायची हौस असलेल्या माणसाची बडोद्यात जरा पंचाईतच होते. नदी आहे, तीही गावाच्या मधोमध, पण विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्याच आपल्याला भेटायला सोसायटीत येतात. राहिलं सूरसागर. त्याच्या कठड्याला किती प्रदक्षिणा घालणार? म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा मी गाडी काढतो आणि एकटाच निघतो. बायकोला गाडीत चार तासांहून जास्त बसवत नाही, आणि मला चालताना कुणी ‘अजून किती?’ विचारलेलं खपत नाही. तेव्हा हा उभयपक्षी मान्य झालेला तह आहे.

परवा भाच्याचा फोन आला. ‘मामा, दिवाळीनंतर चार दिवस मोकळे आहेत. एकटाच जातोय. उदयपूर की दीव?’ दोन्ही ठिकाणी मी एकटा राहून आलोय, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. महाल, किल्ले, तिकिटं, वेळा हे सगळं फोनवर सापडतं. ते सोडून बोलू.

रस्त्यात उदयपूर सरळ जिंकतं. अहमदाबाद मागे टाकलं की हिंमतनगर, शामळाजी, रतनपूरची हद्द, आणि मग डोंगर सुरू. केसरियाजीच्या अलीकडे-पलीकडे संगमरवराच्या ट्रकांमागे थोडं रखडावं लागतं, तेवढंच. सकाळी सहाला दांडिया बाजारातून निघालो होतो, दुपारी उशिराचं जेवण उदयपुरात जेवलो. दीवचं तसं नाही. वासद, तारापूर, वटामण चोकडी, आणि पुढे भालचा तो सपाट, खारट, झाड नसलेला मुलूख. भावनगरला गाठिया खाऊन जिवात जीव येतो, पण तळाजा-महुवा-ऊना हा टप्पा मला प्रत्येक खेपेला कुठे ना कुठे खणलेलाच भेटलाय. नऊ तास तरी धरा, आणि पोचल्यावर पाय सरळ व्हायला अर्धा तास.

गाडी ठेवण्यात मात्र पारडं फिरतं. उदयपूरच्या जुन्या भागात, जगदीश चौकाच्या खाली, गाडी नेणं हा शुद्ध अविचार आहे आणि तो मी केला. नकाशा ‘डावीकडे वळा’ म्हणाला, मी वळलो, आणि समोरून रिक्षा, मागून बुलेट. शेवटी एका पानवाल्याने हातवारे करून मला तीस-चाळीस पावलं उलटं बाहेर काढलं. हॉटेलवाल्याने फोनवर सांगितलेलं ‘पार्किंग है’ प्रत्यक्षात गल्लीबाहेरचं, एक माणूस बसवलेलं मोकळं मैदान निघालं. दीवला झांपा दरवाजाच्या आसपास गाडी लावली आणि तीन दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही.

आता पाणी. खरा घोळ इथेच आहे.

उदयपूर सुंदर आहे यात वाद नाही. पहाटे गणगौर घाटावर जा. पारवे, घंटा, पाण्यावर हलके धुकं आणि समोर जगनिवास. तो सतराशेच्या मध्यात महाराणा जगतसिंह दुसरा याने बांधलेला महाल, आता हॉटेल. घाटाला लागूनच बागोर की हवेली. ती बांधणारा अमरचंद बडवा हा मेवाडचा प्रधान, आणि १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी शहराला वेढा दिला तेव्हा ते राखणाराही तोच. आपलं आडनाव मराठी असेल तर हवेलीत ते जरा हळू सांगावं. संध्याकाळी सातला तिथे नाचगाण्याचा कार्यक्रम असतो, एकट्या माणसाला तो फार सोयीचा. अंधारात कोण एकटं, कोण दुकटं, काही कळत नाही.

पण मी गेलो होतो चालायला, आणि पिछोला, म्हणजे हा घाटांसमोरचा तलाव, तुम्हाला काठाने चालूच देत नाही. गणगौर घाट संपला की भिंत. तिथून वर चढायचं, जगदीश मंदिराच्या चौकात यायचं, हॉर्न ऐकायचे, मग पुन्हा खाली लाल घाटाला उतरायचं, तिथे चार पायऱ्या पाणी, की पुन्हा भिंत. मधलं सगळं पाणी हवेल्यांच्या पोटात गेलंय आणि त्या हवेल्यांची हॉटेलं झालीत. दाईजी पुलावरून पलीकडे गेलं की हनुमान घाट, अंबराई घाट आहेत, तिथून सिटी पॅलेस समोर दिसतो आणि जीव निवतो, पण तेही तुकडेच. सलग चालायचं तर फतेहसागरची पाळ. ती छान आहे, पण तिच्या रस्त्यावर गाड्यांची वर्दळ असते, आणि ती जुन्या गावापासून लांब आहे.

मग पाणी पाहायला सगळे गच्चीवर जातात. मीही गेलो. तिथे जे झालं ते क्षुल्लक आहे, पण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. दारातला मुलगा विचारतो, ‘कितने लोग?’ मी म्हणतो, ‘एक.’ तो गच्चीभर नजर फिरवतो आणि मला जिन्याजवळच्या, टाकीला टेकलेल्या टेबलावर बसवतो. कठड्यालगतची टेबलं जोडप्यांसाठी राखलेली. त्याची चूक नाही. दोन माणसांचं बिल एका माणसाच्या दुप्पट होतं, एवढा हिशेब मलाही येतो. पण तीन संध्याकाळी, तीन वेगळ्या गच्च्यांवर हेच झालं. तिसऱ्या दिवशी मी समोरचं कठड्याचं टेबल रिकामं असताना मागितलं, तर ‘रिझर्व है सर’. मी जेवून, हात धुऊन, बिल देऊन निघालो तरी ते रिकामंच होतं. पिछोला मी तिथून पाहिला तो कुणाच्या तरी खांद्यावरून, फोटो काढणाऱ्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीतून.

दीवला बंदरावरून किल्ल्याकडे जाणारा रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो. एका बाजूला बसका कठडा आणि त्यापलीकडे पाणी, मध्ये काहीच नाही. कुणी ‘कितने लोग’ विचारत नाही. झांप्यापासून किल्ल्यापर्यंत माझ्या चालीने वीसेक मिनिटं, पण मला कधी दीड तासाच्या आत जमलेलं नाही, कारण दर शंभर पावलांवर बसावंसं वाटतं. भरतीला होड्या रस्त्याच्या उंचीला येतात. ओहोटीला त्याच होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात आणि सुकत्या मासळीचा वास गावात शिरतो. एकच रस्ता सकाळी आणि संध्याकाळी दोन वेगळे रस्ते होऊन भेटतो. समोर खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा, पाण्यातला छोटा किल्ला, दगडी जहाज नांगरून ठेवल्यासारखा.

किल्ल्याची गोष्ट तर आपल्या घरची निघते. १५३५ मध्ये हुमायूनने पावागडच्या पायथ्याचं आपलं चांपानेर घेतलं, गुजरातचा सुलतान बहादूरशहा पळत सुटला आणि मदतीच्या बदल्यात त्याने पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. दोन वर्षांत त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो इथल्याच समुद्रात मेला. पुढे पोर्तुगीज राहिले ते थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. चांपानेरला शाळेच्या सहली नेणाऱ्या आम्हा बडोदेकरांना या गोष्टीचं दुसरं टोक इथे, किल्ल्याच्या तटावर उभं राहिल्यावर सापडतं.

किल्ल्याइतक्याच मला मागच्या गल्ल्या आवडतात. फिरंगीवाड्यात सेंट पॉलचं चर्च (१६१० मध्ये पुरं झालेलं), बाजूला रंगीत, नक्षीदार घरं, आणि त्यातल्या बऱ्याच घरांना कुलपं. एका ओट्यावर बसलेल्या काकांनी गुजरातीत चौकशी केली, कुठले, एकटेच का, आणि मग स्वतःच समोरच्या कुलपाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘लेस्टर.’ त्याच्या शेजारच्या कुलपाकडे, ‘लेस्टर.’ पोर्तुगीज पासपोर्टावर अर्धी आळी इंग्लंडला गेलीय. उदयपुरात तीन दिवसांत माझ्याशी जे कुणी बोललं ते काही ना काही विकत होतं. कदाचित माझं नशीब तसं असेल.

संध्याकाळी चक्रतीर्थाजवळ खुकरी स्मारकावर जावं. ९ डिसेंबर १९७१ ला, युद्धात, दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. तिथे सूर्यास्त पाहायला गर्दी असते, पण सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांत ओसरते. ती दहा मिनिटं थांबा.

आता दीवच्या तक्रारी, कारण त्या लपवल्या तर भाचा मला फोन करेल. शनिवार-रविवार तिथे जाऊ नका. गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही, म्हणून अख्ख्या सौराष्ट्राची तहान त्या दोन दिवसांत दीवला येते. नागवा किनाऱ्यावर तर एकट्या पुरुषाला पाहून ‘काका, बसो ने’ म्हणत ग्लास पुढे करणारे भेटतात. दुपारी एक ते चार गाव झोपतं, तुम्हीही झोपा. परतताना गुजरातच्या नाक्यावर डिकी उघडावी लागते. माझ्या डिकीत ओल्या चपला आणि अर्धा किलो सुके बोंबील होते, त्या पोलिसाने जितक्या झटकन उघडली तितक्याच झटकन बंद केली. शाकाहारी असाल तर जेवणात उदयपूर कितीतरी पुढे आहे. दीवला तुम्हाला गुजराती थाळीवर दिवस काढावे लागतील.

आणि एक गोष्ट माझ्या अनुभवाबाहेरची. माझी मामेबहीण दोन्हीकडे एकटी गेलीय आणि तिचं मत उलटं आहे. उदयपुरात रात्री दहालाही घाटावर बायका, विदेशी मुली, कुटुंबं असतात, तिला कुठे अवघडल्यासारखं झालं नाही. दीवला अंधार पडल्यावर रस्त्यावर बहुतेक पुरुष, आणि त्यातले काही डुलणारे. बाईमाणूस एकटी निघत असेल तर मी तिचं ऐकायला सांगेन, माझं नाही.

बाकीच्यांनी, चार दिवस सोमवार ते गुरुवार असे मिळत असतील आणि गाडी चालवायचा कंटाळा नसेल, तर दीवचा विचार करून पाहावा. खोली बंदराजवळ घ्या, नागव्याला नको. भरतीची वेळ हॉटेलात विचारून ठेवा आणि त्या हिशेबाने निघा.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि काल निरोप आला की उदयपूरचं बुकिंग झालंय. मी म्हटलं, अरे, एवढं सांगितलं ना तुला? तर म्हणतो, ‘मामा, आता मी एकटा नाहीये.’ पुढे मी काही विचारलं नाही. फक्त, कठड्याचं टेबल आधी फोन करून राखून ठेव, एवढं कळवलं.