खिशातला पास आणि बव्हेरियातले शनिवार-रविवार : डॉइचलांड-तिकिटाचे परीक्षण

जर्मनीत १ मे २०२३ रोजी सुरू झालेले डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक प्रवासपास, मी पहिल्या महिन्यापासून वापरते आहे. ऑफिसला जाण्या-येण्यासाठी ते सोयीचे आहे हे येथे राहणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. मला लिहायचे आहे ते शनिवार-रविवारच्या सहलींसाठी हे तिकीट कसे ठरते याबद्दल, कारण घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला आठवड्यातले तेच दोन दिवस सर्वांत जड जातात. पाच दिवस कामात निघून जातात, शनिवारी वाणसामान आणि कपडे धुणे होते, आणि रविवारी बव्हेरियात, म्हणजे म्यूनिक ज्या राज्यात आहे तेथे, दुकानेदेखील बंद असतात. डोंबिवलीत वाढलेल्या माझ्यासारखीला म्यूनिकमधली रविवारची ती शांतता पहिल्या वर्षी अक्षरशः अंगावर येत असे.

हे तिकीट म्हणजे मुंबईकर ज्याला ‘पास’ म्हणतो तेच, फक्त संपूर्ण देशासाठी. ठरावीक मासिक रकमेत जर्मनीतील कोणत्याही शहराची बस, ट्राम, भुयारी रेल्वे आणि उपनगरी गाडी, तसेच सर्व प्रादेशिक रेल्वेगाड्या, म्हणजे वेळापत्रकात ज्यांच्या क्रमांकाआधी आर-ई किंवा आर-बी असे लिहिलेले असते त्या, दुसऱ्या वर्गाने वापरता येतात. आय-सी-ई, आय-सी आणि ई-सी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत ते चालत नाही. तिकीट फोनमध्ये किंवा चिप बसवलेल्या कार्डावर मिळते, त्यावर आपले नाव असते, ते दुसऱ्याला देता येत नाही आणि तपासनीसाने मागितल्यास फोटो असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. २०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत नऊ युरोंचे जे तात्पुरते तिकीट निघाले होते, त्याच्या लोकप्रियतेतून हे जन्माला आले. सुरुवातीला त्याची किंमत ४९ युरो होती, जानेवारी २०२५ पासून ती ५८ झाली आणि जानेवारी २०२६ पासून ६३ झाली आहे.

माझ्या दृष्टीने या तिकिटाचा खरा गुण स्वस्ताई हा नाही. सहलीला जायचे की नाही हा निर्णय त्याने हलका केला, हा त्याचा गुण आहे. पूर्वी आमच्या सात-आठ जणांच्या गटात एखादी सहल ठरायची म्हणजे बुधवारपासून निरोपानिरोपी सुरू होई, कोण येणार हे निश्चित झाल्याशिवाय सामूहिक तिकीट काढता येत नसे, आणि कोणी आयत्या वेळी गळाले की हिशेब पुन्हा मांडावा लागे. गटात आय-टी कंपनीत नोकरी करणारी जोडपी होती, तसे विद्यार्थीही होते, आणि विद्यार्थी अनेकदा ‘अभ्यास आहे’ असे सांगून घरी राहत. पैशांची अडचण आहे हे आम्हांला कळत होते, पण ती बोलून दाखवणे त्यांनाही जड आणि आम्हांलाही. आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा पास आहे (बव्हेरियातील विद्यार्थ्यांना तो सवलतीत मिळतो), त्यामुळे शनिवारी सकाळी चहा पिताना हवा पाहून ठरवावे आणि नऊच्या गाडीला हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्थानकावर, भेटावे इतके ते सोपे झाले आहे. कॉलेजात असताना रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून आम्ही राजमाचीला जात असू, तेव्हा जो मोकळेपणा होता तो मला परक्या देशात प्रथम या पासामुळे मिळाला.

म्यूनिकहून दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येईल अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. गार्मिश-पार्टेनकिर्शेन, फ्यूसेन, रेगेन्सबुर्ग, कीमझे सरोवराकाठचे प्रीन, ही नावे कोणीही सांगेल. परंतु मला एकच ठिकाण सुचवायचे असेल तर मी पासाऊ सुचवीन. थेट प्रादेशिक गाडीने सुमारे सव्वादोन तास लागतात, स्थानकापासून जुने शहर चालत गाठता येते, आणि तेथे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. शहराच्या टोकाला जाऊन उभे राहिले की तिन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसतात : आल्प्समधून येणारी इन फिकट हिरवट, इल्झ काळसर, आणि डॅन्यूब या दोहोंच्या मधली. इनमधून येणारे पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा अधिक असते, तरी पुढे नाव मात्र डॅन्यूबचेच चालते. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तो प्रीतिसंगम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना येथे काठावर बसून राहावेसे वाटेल. आमच्याबरोबर सांगलीचे एक काका आले होते. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या पातळ्या वर्षानुसार कोरून ठेवल्या आहेत. १५०१ ची खूण आहे, तशी २०१३ चीही आहे. काका त्या भिंतीसमोर बराच वेळ थांबले, आणि मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी त्यांच्या गल्लीत कुठवर आले होते ते त्यांनी हात वर करून आम्हांला दाखवले. परतीच्या गाडीत दोन तास त्याच विषयावर बोलणे चालले होते. आम्ही एकमेकांना चार वर्षे ओळखत होतो, पण त्या पुराबद्दल त्यांच्या तोंडून तोपर्यंत एक शब्दही ऐकला नव्हता.

फ्यूसेनबद्दल थोडे. १८६९ मध्ये बांधायला घेतलेला, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा जवळचा नॉयश्वानस्टाइन किल्लेवजा राजवाडा पाहायला जगभरातून लोक येतात, त्यामुळे उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळच्या गाडीत बसायला जागा मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. स्थानकापासून पायथ्याच्या गावापर्यंतची बस पासावर चालते. राजवाड्याच्या आतील दर्शनाचे तिकीट वेगळे असते, ते ठरलेल्या वेळेचे असते आणि आधी ऑनलाइन काढणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर चढ चालून जावा लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा यादीत आले, त्याच अधिवेशनात रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्लेही आले. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही मुद्दाम तेथे गेलो आणि मुलांना चढावर दोन्हींतला फरक सांगत राहिलो : हा एका राजाने स्वतःच्या स्वप्नासाठी बांधलेला, आणि आपले गड राज्य राखण्यासाठी बांधलेले. जर्मनीत जन्मलेल्या मुलांना हे सांगण्यासाठी त्याहून योग्य जागा मला सुचत नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे वेळेची अनिश्चितता. शनिवार-रविवारीच रुळांची दुरुस्ती काढली जाते, तेव्हा अर्ध्या मार्गावर गाडीऐवजी बस धावते आणि दोन तासांचा प्रवास सहज साडेतीन तासांचा होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ॲपवर मार्ग पुन्हा पाहावा, सकाळी घर सोडताना आणखी एकदा पाहावा. वाटेत बदलायची एखादी गाडी चुकली तर या पासावर जलद गाडीत चढता येत नाही, पुढच्या प्रादेशिक गाडीचीच वाट पाहावी लागते, आणि लहान गावात ती वाट एक तासाची असू शकते. त्यामुळे दोनपेक्षा अधिक गाड्या बदलाव्या लागतील अशी सहल लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असताना मी ठरवत नाही. त्याचप्रमाणे, पास देशभर चालतो म्हणून म्यूनिकहून बर्लिनला प्रादेशिक गाड्यांनी जाण्याचा मोह टाळावा. जलद गाडीने चार तासांत होणाऱ्या त्या प्रवासात अख्खा दिवस जातो आणि सुट्टीचा जीव त्यातच निघून जातो.

दुसरी गोष्ट तिकिटाची नसली तरी नवख्याला माहीत असायला हवी. दक्षिणेकडील सरोवरांकडे जाणाऱ्या काही गाड्या वाटेत विभागल्या जातात. होल्झकिर्शेन स्थानकावर गाडीचा एक भाग श्लिअरझे आणि बायरिशझेलकडे जातो, उरलेला पुढे शाफ्टलाखला पुन्हा दुभंगून एक भाग टेगर्नझेला आणि दुसरा लेंगग्रीसला जातो. डब्यावरच्या फलकावर हे लिहिलेले असते आणि घोषणाही होते, परंतु ती जर्मनमध्ये आणि आपण गप्पांत. आमच्यातील तिघे गर्दीमुळे पुढच्या दाराने चढले आणि आम्ही टेगर्नझेला उतरलो तेव्हा ते श्लिअरझेच्या काठावर होते. त्यांच्यात नुकतीच भारतातून आलेली, भाषा न येणारी एक मुलगी होती, आणि तिचा घाबरलेला आवाज फोनवर ऐकल्यापासून मी फलाटावर सर्वांना डबा दाखवून मगच चढू देते.

भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी हा पास घ्यावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांच्या येण्याच्या तारखेवर अवलंबून आहे. पास कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे चालतो आणि त्या महिनाअखेर बंद करायचा असेल तर सामान्यतः १० तारखेपर्यंत कळवावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मी स्वतः गणपतीला पाच आठवडे डोंबिवलीला गेले असताना ही तारीख विसरले आणि न वापरलेल्या महिन्याचे पैसे भरले. पाहुणे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असतील आणि भरपूर फिरणार असतील तर पास घ्यावा, काढल्या दिवशीच रद्द करण्याची तारीख फोनमध्ये नोंदवावी. ते वीस तारखेला येत असतील किंवा महिन्यातून दोन-तीनच सहली करणार असतील, तर बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांचे तिकीट, अधिक बरे. ते एका दिवसाचे असते, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालते, कामाच्या दिवशी मात्र सकाळी नऊनंतरच. आमच्या सहलींत आता पासवाले आपापल्या पासावर आणि पाहुणे मंडळी एका बायर्न-तिकिटावर अशी रचना असते. त्यावर प्रत्येक प्रवाशाचे नाव लिहावे लागते, तेवढे विसरू नये.

वयस्कर मंडळींच्या दृष्टीने आणखी एक बाब फार महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. म्यूनिकच्या उपनगरी गाड्यांत शौचालय नसते, प्रादेशिक गाड्यांत असते. एकाच ठिकाणी दोन्हींनी जाता येत असेल तर दहा मिनिटे उशिराची का होईना, प्रादेशिक गाडी निवडावी. माझ्या आईने पहिल्या सहलीत सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि त्याचे कारण मला संध्याकाळी कळले.

पास आणि बायर्न-तिकीट ही दोन्ही तिकिटे साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत चालतात, म्हणजे पावणेदोन तासांत ऑस्ट्रियाची सहल होते. पुढे शहरातील बसला ती चालत नाहीत, पण जुने शहर पायी गाठता येते. येताना सीमेवर जर्मन पोलीस गाडीत कागदपत्रे तपासतात, म्हणून पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही मूळ प्रती जवळ असाव्यात. फोनमधला फोटो पुरत नाही.

शिदोरीबद्दल सांगितल्याशिवाय हे लिखाण मला पुरे करता येणार नाही. रविवारी लहान गावात दुकान उघडे नसते आणि शाकाहारी माणसाला उपाहारगृहात चीज घातलेल्या श्पेत्सलेखेरीज (एक प्रकारच्या नूडल्स) फारसा पर्याय नसतो. प्रादेशिक गाडीत खाण्यास मनाई नाही. आमच्याकडे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोथिंबीर वडी ही ठरलेली वाटणी असते, आणि पासाऊच्या संगमावर सांगलीच्या काकूंनी कागदात बांधून आणलेली गूळपोळी आम्ही जशी खाल्ली तशी मी डोंबिवलीतही खाल्ली नव्हती.

६३ युरो ही रक्कम ४९ च्या तुलनेत जाणवते, हे खरे आहे. ज्यांचे ऑफिस चालण्याच्या अंतरावर आहे आणि जे महिन्यातून एकदाच बाहेर पडतात, त्यांनी आता बायर्न-तिकिटावर भागवावे असे मी प्रामाणिकपणे सांगेन. महिन्यातून तीन शनिवार बाहेर काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी पास ठेवावा. मी तो ठेवला आहे, आणि येत्या शनिवारी नऊच्या गाडीने आम्ही अकरा जण प्रीनला निघतो आहोत. तेथील सरोवरातल्या बोटीचे तिकीट पासात येत नाही, हे नव्या मंडळींना मी आजच कळवले आहे.