रिजिड ६०६ बेंडर : खुणा वाचल्या तर ट्यूब वाचते
ट्रान्समीटर (दाब वगैरे मोजून पाठवणारे उपकरण) आणि सॅम्पलिंगच्या (नमुना घेण्याच्या) लाइन टाकण्याच्या कामात आम्हाला ३/८ इंची, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर बाह्यव्यासाची एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) ट्यूब सतत वाकवावी लागते. पूर्वी हे काम आम्ही तांब्याच्या नळ्यांसाठी असलेल्या हलक्या बेंडरवर, म्हणजे नळी वाकवण्याच्या हातहत्यारावर, रेटत होतो. त्यात ट्यूब बेंडवर चपटी होई आणि कापलेला तुकडा थेट भंगारात जाई. रिजिड कंपनीचा ६०६ बेंडर मात्र स्टेनलेससारख्या कठीण धातूसाठीच बनवलेला आहे. त्यातील रोलरमुळे जोर कमी लागतो, आणि ९० अंशांच्या पुढे जाताना हँडलची जागा बदलता येत असल्याने १८० अंशांपर्यंतचा बेंडही हँडल एकमेकांत न अडकता घेता येतो.

तरीही माल वाचतो तो बेंडरवरच्या खुणांमुळे. ज्या टोकापासून माप घेतले ते डावीकडे असेल तर ट्यूबवर मापाची मारलेली रेघ ‘एल’ खुणेशी आणि उजवीकडे असेल तर ‘आर’ खुणेशी जुळवावी लागते. ही एक गोष्ट चुकली की पुढचे सगळे माप सरकते.

दुसरी बाब लांबीची. या बेंडरवरच्या वळणाची त्रिज्या १५/१६ इंच, म्हणजे जवळपास २४ मिलिमीटर आहे. ट्यूब कोपऱ्यापर्यंत न जाता वळसा घेत असल्याने ९० अंशांच्या प्रत्येक बेंडमागे सुमारे १० मिलिमीटर ट्यूब कमी लागते. म्हणजे मध्यरेषेवर २०० आणि ३०० मिलिमीटर बाजू असलेल्या काटकोनाला ५०० नव्हे, ४९० मिलिमीटर ट्यूब पुरते. पुढच्या बेंडचे माप आधीच्या बेंडनंतर, वाकलेल्या बाजूच्या मध्यरेषेपासून घेतल्यास ही वजाबाकी आपोआप होते; सर्व रेघा सरळ ट्यूबवर आधीच मारायच्या असतील तर मात्र प्रत्येक बेंडमागे ती करावीच लागते. शक्य तेथे मी आधी वाकवतो आणि शेवटचे टोक नंतर कापतो.

हँडल सोडल्यावर स्टेनलेसचा बेंड थोडा मागे उघडतो. किती, हे ट्यूबच्या जाडीवर आणि मालावर अवलंबून असल्याने नव्या मालाच्या एका लहान तुकड्यावर बेंड घेऊन, गुण्या लावून तो फरक मी बेंडरच्या पेटीवरच लिहून ठेवतो. एखाददुसरा अंश कमी पडला तर पुन्हा दाबता येते, पण जास्त वाकलेली ट्यूब उलटी सरळ करू नये. वाकताना धातू कडक झालेला असतो आणि त्या जागी सुरकुती पडते.

हा बेंडर एकाच व्यासासाठी आहे, त्यामुळे अर्ध्या इंचासाठी ६०८ वेगळा घ्यावा लागतो. ज्याच्याकडे महिन्याला दोन-चारच बेंड असतात, त्याला हा खर्च मी सुचवणार नाही. घेतलाच, तर साध्या लोखंडाची ट्यूब त्यावर कधीही वाकवू नये, कारण खाचेत राहिलेले लोखंडाचे कण स्टेनलेसवर चिकटून तिथे गंज धरतो.