मालदीवला व्हिसा लागत नाही, फसवणूक तिथूनच सुरू होते

सोयाबीन विकलं, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की मालदीवच्या नोकरीची गोष्ट गावात निघते. घेऊन येणारा परका नसतो. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याचा साळा, नाहीतर मुंबईत हॉटेलात दोन वर्षं काढून आलेला शेजारगावचा पोट्टा. पानठेल्यावर तो मोबाइलमध्ये निळ्या पाण्याचे फोटो दाखवतो आणि आकडे सांगतो: हाउसकीपिंगचं काम, महिना 450 डॉलर, राहणं-खाणं फुकट, खर्च एक लाख साठ हजार. निम्मे आत्ता, निम्मे विमानात बसल्यावर. आकडे गावागणिक बदलतात, मांडणी हीच.

या धंद्याची खुबी अशी, की त्यातलं सर्वात मोठं वाक्य खरं असतं. "मालदीवले व्हिसाची कटकटच नाही भाऊ." खरंच नाही. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला तिथे 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. दुसरीही एक गोष्ट एजंटच्या पथ्यावर पडते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरचा, म्हणजे 'एमिग्रेशन तपासणी आवश्यक' असा शेरा असतो, आणि सौदी, कतार, कुवेत, मलेशिया अशा देशांत नोकरीला जाताना त्यांना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जाण्याआधी सरकारची मंजुरी, घ्यावा लागतो. त्या यादीत मालदीव नाही. आखाताचा खोटा कागद ज्या दारात अडकतो, ते दारच इथे नाही. पोरगा खरोखर विमानात बसतो, मालेला उतरतो, घरी फोटो पाठवतो. त्याच दिवशी एजंट उरलेले ऐंशी हजार घेऊन जातो. बाप आनंदाने देतो, आईचं सोनं सावकाराकडे ठेवून देतो.

काम करायला मात्र तिथला वर्क परमिट लागतो, आणि त्याची मंजुरी मालकाने पोरगा घरून निघण्याआधी काढायची असते. त्यावर मालकाचं नाव, कामाचा हुद्दा, पोराचं नाव आणि पासपोर्ट नंबर असतो. तिथे पोचल्यावर वैद्यकीय तपासणी आणि मग वर्क व्हिसा, असा क्रम आहे. "आधी चाल, महिनाभरात टुरिस्टचं वर्कमध्ये करून देतो" हे वाक्य ऐकलं की पैसे खिशात ठेवायचे. पर्यटक म्हणून जाऊन काम करणं तिथे बेकायदा आहे; पकडला गेला तर परत पाठवतात, आणि मालक पगार बुडवतो तो वेगळाच, कारण कागदावर असा कोणी कामगारच नसतो.

एजंटने दिलेलं पाकीट घरी नीट उघडून पाहा. त्यात क्यूआर कोड असलेला एक कागद असतो, "हाच तुझा व्हिसा" म्हणून दिलेला. तो बहुतेकदा इमुगाचा, म्हणजे मालदीवच्या ऑनलाइन प्रवासी नोंदीचा फॉर्म असतो. मालदीवला जाणारा प्रत्येक प्रवासी तो उतरण्याआधीच्या 96 तासांत स्वतःच्या मोबाइलवर, फुकटात भरतो. त्याचे दहा-पंधरा हजार लावलेले असतात. मग हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट, कारण पर्यटकाला ती दाखवावी लागतात. नोकरी दोन वर्षांची आणि परतीचं तिकीट आठ दिवसांनंतरचं, एवढी एक विसंगती पाहिली तरी पुरे. "काउंटरवर फिरायला चाललो म्हणून सांग" असं पढवलं असेल तर शंकेला जागाच उरत नाही. 'गामका मेडिकल'चे पैसे मागितले तर तेही समजून घ्या: ती तपासणी आखाती देशांसाठी असते, मालदीवशी तिचा काही संबंध नाही.

पगाराचा आकडाही फोडून विचारा. रिसॉर्टमध्ये मूळ पगार वेगळा आणि पाहुण्यांच्या बिलातून येणारा सर्व्हिस चार्ज वेगळा. दुसरा आकडा पाहुण्यांवर चालतो. मे ते ऑक्टोबरच्या पावसाळ्यात तो उतरतो. एजंट भर हंगामाची बेरीज सांगतो. करारात मूळ पगार स्वतंत्र लिहिलेला हवा, आणि तो डॉलरमध्ये की रुफियात, म्हणजे मालदीवच्या चलनात, हेही. सरकारी भावाने डॉलरला सुमारे 15.42 रुफिया पडतात, पण त्या भावाने डॉलर मिळवून घरी पाठवणं सोपं नसतं.

आता एजंट. भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. देश ईसीआर यादीत नसला तरी लागते. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर चालू परवान्यांची यादी आहे. नुसतं नाव जुळलं म्हणजे झालं असं नाही, खऱ्या परवान्याचा नंबर उसना घेणारेही आहेत. व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर सोडा, पोर्टलवरच्या नंबरला फोन लावा आणि हा माणूस तुमचा आहे का, ते विचारा. सबएजंट नावाचा प्रकार कायद्यात नाही, म्हणजे पानठेल्यावरचा 'आमचं मुंबईला ऑफिस आहे' म्हणणारा तिथेच बाद. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 35,400 घेता येतात, तेही पावती देऊन. ऑफर लेटर मालेच्या भारतीय उच्चायुक्तालयाला ई-मेलने पाठवून विचारायला पैसा लागत नाही.

पोरगा तिथे अडकलाच, तर त्याने उच्चायुक्तालय गाठावं आणि पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नये. परराष्ट्र खात्याची हेल्पलाइन 1800 11 3090, तक्रारीसाठी 'मदद' पोर्टल. पैसे फोनवरून गेले असतील तर इकडे घरच्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, नंतर ती चार खात्यांतून निघून जाते.

ठाण्यात पहिल्यांदा "हा तर देण्याघेण्याचा वाद आहे" असं ऐकावं लागतं. तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आणि एमिग्रेशन कायद्याची कलमं 10 व 24, दोन्ही लिहा. जाणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या आईबापाने तक्रार केली तर खटल्याला केंद्राची पूर्वपरवानगी लागत नाही. तक्रारीची कुणकुण लागली की एजंट गावातल्या चार मोठ्या माणसांना घेऊन घरी येतो, वीस हजार पुढे ठेवतो आणि बाकीच्यासाठी पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो. त्यात नोकरीचा, मालदीवचा शब्दही नसतो. रक्कम 'हातउसनी' घेतली असं लिहिलेलं असतं. त्या कागदावर सही झाली की ठाणेदाराचं पहिलं वाक्य खरं होतं.