पहिले घर आणि कागद वाचणारा एजंट

पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगर भागात रीसेलच्या फ्लॅटचे व्यवहार करणाऱ्या एका एजंटामार्फत आम्ही आमचे पहिले घर घेतले. खरेदीदाराकडून किमतीच्या एक टक्का दलाली घेतली जाईल, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याचा भर प्रामुख्याने नव्या प्रकल्पांवर आहे. जुन्या फ्लॅटच्या बाबतीत कागद तपासण्याची जबाबदारी बव्हंशी खरेदीदारावरच येऊन पडते, आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्याला नेमके कोणते कागद मागायचे हेच माहीत नसते.

आम्हाला पसंत पडलेला फ्लॅट विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होता. सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला असलेल्या शेअर सर्टिफिकेटवर मात्र विक्रेत्याचे नाव चढलेले होते, त्यामुळे आम्ही टोकन म्हणजे बयाणा द्यायला तयार झालो होतो. एजंटांनी सर्टिफिकेट उलटे करून मागच्या बाजूची हस्तांतराची नोंद वाचली आणि विचारले, "साहेब, तुम्हाला भावंडं किती?" आईही हयात नव्हती, पण एक बहीण इंदूरला होती. "बाबांनी नॉमिनी मलाच केलं होतं," असे विक्रेत्याने सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ताईंनी आपला वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, टोकनचं मग बघू." विक्रेता नाराज झाला. व्यवहार फिसकटला असता, तर एजंटांची दलालीही बुडाली असती. तरीही त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. ताई पुण्याला येऊन दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवून गेल्या, तोवर महिनाभर गेला. पुढे कर्ज मंजूर करताना बँकेच्या वकिलाने सर्वांत आधी हेच हक्कसोडपत्र मागितले, तेव्हा त्या महिन्याचे मोल आम्हाला पुरते उमगले.

बांधकामाचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि पार्किंगची लेखी नोंद हे सर्व त्यांनी स्वतः मागवून घेतले. खरेदीखत फक्त पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, हेही त्यांनीच सुचवले. पुण्यात हे शुल्क एरवी सात टक्के असल्यामुळे ही बचत लहान नव्हती. किंमत पन्नास लाखांहून अधिक असल्याने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आयकर) कापून आम्हीच भरायचा होता; त्याची आठवणही त्यांनी वेळेवर करून दिली.

त्यांच्या सेवेत उणिवा नाहीत असे नाही. संध्याकाळी त्यांचा फोन लागणे कठीण असते. त्यांनी सुचवलेल्या कर्ज सल्लागारापेक्षा आमच्या पगाराच्या बँकेने कमी व्याजदर दिला, म्हणून कर्जाची चौकशी प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावी, असे मला वाटते. शिवाय ते वकील नाहीत. मागच्या तीस वर्षांतल्या मालकीच्या नोंदी तपासणारा सर्च रिपोर्ट आम्ही वकिलाकडूनच करून घेतला, आणि तसा आग्रह त्यांनीही धरला होता.

दलालीची अर्धी रक्कम त्यांनी खरेदीखत नोंदल्यावर घेतली आणि उरलेली सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आमचे नाव चढल्यावरच स्वीकारली.